चिखलदऱ्यात निवास चालवणाऱ्या दांपत्याचे आयुष्य लिहायचे आहे, नेमके काय विचारावे?

प्रश्न: प्रतापनगरची_पुतणी, नागपूर

नमस्कार. माझे मोठे बाबा यंदा सहस्रचंद्रदर्शनाचा टप्पा गाठत आहेत आणि त्यानिमित्ताने घरगुती वाटपासाठी एक लहानशी पुस्तिका काढायचे आमच्या कुटुंबाने ठरवले आहे. लिहिण्याचे काम माझ्यावर आले आहे. मोठे बाबा आणि मोठी आई यांनी चिखलदऱ्याला दहा-बारा खोल्यांचे निवास उभे केले आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापासून टाळेबंदीच्या वर्षापर्यंत दोघांनी मिळून ते चालवले. आज त्याच्या फाटकावर ‘रिसॉर्ट’ अशी पाटी आहे, पण तेव्हा सगळे त्याला लॉजच म्हणत. आता ते दुसऱ्यांना चालवायला दिले असून दोघेही नागपुरात आमच्या शेजारी राहतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी पुस्तिकेचा जो कच्चा खर्डा माझ्या हाती ठेवला, तो वाचून माझे मन खट्टू झाले. मोठ्या बाबांनी सरकारी नोकरी सोडली, जागा घेतली, कर्ज काढले, विहीर खणली, रस्ता खचला तेव्हा अडकलेल्या पाहुण्यांना चार दिवस जेवू घातले, असा सगळा वृत्तान्त त्यात आहे आणि तो खराही आहे. मोठ्या आईविषयी मात्र ‘या वाटचालीत त्यांना सौभाग्यवतींची मोलाची साथ लाभली’ एवढे एकच वाक्य आहे. मी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथे काढल्या आहेत. पहाटे सर्वांत आधी कोण उठायचे आणि रात्री कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला असायची, हे मी पाहिले आहे.

मी मोठ्या आईजवळ वही घेऊन बसले की ती म्हणते, ‘माझं काय लिहायचं बाई, मी तर स्वयंपाकच केला.’ मोठ्या बाबांना विचारले तर ते नेहमीचेच किस्से सांगतात: व्हरांड्यात आलेला बिबट्या, धुक्यात वाट चुकलेले मंत्रिमहोदय, कुठल्याशा कवींनी रजिस्टरात लिहिलेल्या चार ओळी. किस्से रंगतात, पण त्यांतून त्या दोघांचे रोजचे जगणे हाती लागत नाही. अशा दांपत्याला काय विचारले असता ते बोलते होतील? शिवाय मोठ्या आईच्या कामाचा एखादा कागदोपत्री पुरावा कोठे सापडू शकेल का? माझ्याजवळ पाहुण्यांच्या जुन्या रजिस्टरांची एक पेटी आहे. तिचे काय करावे, तेही सुचवावे.


उत्तर: पचमढीची_काकू

ताई, तुमच्या मोठ्या आईचे ‘मी तर स्वयंपाकच केला’ हे उत्तर मी स्वतः अनेकांना दिले आहे, म्हणून लिहिते. माझे माहेर नागपूरचे, महाल भागातले. लग्नानंतर मी पचमढीला आले आणि आम्ही उभयतांनी तिथे अनेक वर्षे एक छोटे निवास चालवले. जिल्हा मध्य प्रदेशचा असला तरी आमचे निम्म्याहून अधिक पाहुणे छिंदवाडा-तामियाच्या रस्त्याने येणारे विदर्भातले असत. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा भरली की अंगणातसुद्धा निजायला जागा उरत नसे, आणि महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणाऱ्यांची रांग असे.

तुम्ही ‘तुमचे योगदान काय’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला आमच्या पिढीतली बाई उत्तर देणार नाही. तिला कामाविषयी विचारा, तेही अगदी बारीक. पावसाळ्यात चादरी कशा वाळवत होता, हा प्रश्न विचारून बघा. डोंगरावरच्या निवासाची खरी परीक्षा तिथेच असते. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खोलीत शिरतात, आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, गाद्यांना कुबट वास येतो, भिंतींना बुरशी धरते आणि नेमकी तीच गर्दीची वेळ असते, कारण नागपूर-अमरावतीचा माणूस धबधबे आणि धुके पाहायला त्याच दिवसांत वर येतो. पाहुण्याला मात्र खोलीत शिरल्याबरोबर कोरडी, करकरीत चादर हवी असते. हे गणित रोज कोणी आणि कसे सोडवले, ते विचारा.

दुसरे, पाहुण्यांच्या जेवणाविषयी विचारा. नागपूरच्या पाहुण्याला सावजी रस्सा हवा, अकोल्याकडच्याला वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकर हवी, इंदूरकडून आलेल्यांना रात्री गोडाचे काहीतरी हवे, आणि कोणीतरी हमखास उपवासाचे निघते. मुळात वर भाजीबाजार तोकडा. आमचे सामान पिपरियाहून येई, तुमच्याकडचे परतवाड्याहून येत असणार. घाट बंद झाला आणि टेम्पो आला नाही, तर घरातल्या बेसनावर आणि बटाट्यांवर किती माणसे किती वेळ निभावतील, याचा अंदाज स्वयंपाकघरातल्या बाईलाच असतो. त्याला कोणी व्यवस्थापन म्हणत नाही, पण तो अंदाज चुकला तर निवास बंद पडते.

तिसरे मला अधिक जिव्हाळ्याचे वाटते. अशा दांपत्याला जोडीने कुठेच जाता येत नाही. दिवाळी म्हणजे सीझन, मे महिन्यातली लग्नसराई म्हणजे सीझन, नाताळ म्हणजे सीझन. माहेरच्या लग्नाला एक गेले की दुसऱ्याने गल्ल्यावर बसायचे. माझ्या सासरच्या अनेकांना कितीतरी वर्षे असे वाटत होते की आमचे आपसांत पटत नाही, म्हणून आम्ही एकेकटे येतो! तुमच्या कुटुंबातले जुने अल्बम काढून पाहा. दोघांचा एकत्र फोटो सापडणे कठीण जाईल. त्यावरून बोलणे सुरू करा.


उत्तर: निवृत्त_भूगोल_शिक्षक, अमरावती

पचमढीच्या काकूंनी घरातली बाजू उत्तम मांडली आहे; मी फक्त स्थळाविषयी लिहितो. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर भीमाने कीचकाला दरीत फेकल्याची कथा घालण्याचा मोह आवरता आला तर आवरावा. चिखलदऱ्यावरच्या प्रत्येक लिखाणाची सुरुवात तिथूनच होते. त्याऐवजी, तिथे निवास चालवणे शक्य का झाले आणि अवघड का राहिले, हे दोन परिच्छेदांत सांगितले, तर वाचकाला त्या दोघांच्या कष्टांचा अर्थ लागेल.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत आहे. शेजारचा गाविलगड किल्ला नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने तो घेतला आणि दोनच दिवसांनी दुसऱ्या रघुजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये चिखलदऱ्याची जागा हेरली, अशी नोंद आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, त्यानंतर तिथे साहेबांचे बंगले वाढले. त्यांनी लावलेली कॉफी आजही तिथे होते, आणि महाराष्ट्रात कॉफी म्हटली की चिखलदऱ्याचेच नाव निघते.

तरीही नागपूरच्या सरकारचे उन्हाळी ठिकाण चिखलदरा नव्हते. मध्य प्रांताचा कारभार उन्हाळ्यात पचमढीला हलत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पचमढी मध्य प्रदेशात राहिली. नागपूरची राजधानी गेल्याचे दुःख आपण अजून उगाळतो. हाताशी असलेले थंड हवेचे ठिकाण परराज्यात गेले, याविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. माझ्या मते तुमच्या मोठ्या बाबांसारख्या माणसांना चिखलदऱ्यात व्यवसाय दिसला, त्यामागे हेही एक कारण आहे. विदर्भाला राज्याच्या हद्दीत असे एकच ठिकाण उरले होते. १९७३-७४ मध्ये मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक ठरला आणि जंगल पाहायला येणाऱ्यांची त्यात भर पडली.

आता अडचणीची बाजू. तिथे पाऊस मुबलक पडतो, पण कातळ बसाल्टचा आणि उतार तीव्र असल्यामुळे पाणी थांबत नाही. त्यामुळे ज्या अंगणात ऑगस्टमध्ये चालणे मुश्कील होते, तिथेच मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे विचित्र वाटेल, पण मेळघाटातल्या कित्येक गावांची तीच कथा आहे. मोठ्या बाबांनी विहीर कोठे खणली, पाणी किती खोल लागले, कोणत्या महिन्यात आटे, टँकरचा दर काय होता, हे आवर्जून लिहून घ्या. बिबट्याचा किस्सा सगळ्यांकडे असतो.

एक सूचना: दोघांना शक्य असल्यास एकदा परतवाड्याहून घाटाने वर न्या आणि वाटेत बोलू द्या. धामणगाव गढीकडून जाणारा रस्ता आणि घटांगचा रस्ता, दोन्हींच्या आठवणी वेगळ्या निघतील.


उत्तर: सीए_धंतोली

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे, म्हणून कागदांविषयी लिहितो. तुमच्या मोठ्या आईचे नाव हिशेबाच्या कागदांत बहुधा सापडणार नाही, आणि त्याचा दोष केवळ घरच्यांच्या वृत्तीला देता येणार नाही. १९६१च्या आयकर कायद्यातली एक तरतूद त्याला कारण होती. ज्या व्यवसायात पतीचा भरीव हितसंबंध आहे, त्या व्यवसायातून पत्नीला पगार दिला, तर तो पतीच्याच उत्पन्नात मिळवला जाई. पत्नीजवळ तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि तो पगार त्या पात्रतेमुळेच मिळत असेल, तरच त्यातून सूट होती. पहाटे चार वाजता बंब पेटवणे आणि तीस माणसांचा स्वयंपाक पेलणे ही कायद्याच्या लेखी तांत्रिक पात्रता नव्हती. साहजिकच बहुतेक सल्लागार सांगत की वहिनींचा पगार दाखवून काही लाभ नाही, उगाच कागद वाढवू नका. अशा रीतीने एक अख्खी पिढी वहीखात्यातून बाहेर राहिली.

१९३२च्या भागीदारी कायद्यानुसार पती-पत्नींना भागीदार होता आले असते, आणि करारात वेगळे काही नमूद नसेल तर नफ्याची वाटणीही समान झाली असती. पण छोट्या लॉजसाठी असे करणारे मी फार थोडे पाहिले आहेत. तेव्हा जमाखर्चाच्या वह्यांत वेळ न घालवता कर्जाची कागदपत्रे काढा. बँका जामीनदार मागत असत, आणि जामीनदार म्हणून पत्नीची सही घेण्याची पद्धत सर्रास होती. सोनेतारणाच्या पावत्या मिळाल्या तर त्याही पाहा. सुरुवातीच्या भांडवलात कोणाच्या पाटल्या-बांगड्या होत्या, हे त्या पावत्या स्पष्ट सांगतील. किराण्याच्या आणि दुधाच्या उधारीच्या वह्या, गॅस सिलिंडरची पुस्तके, पोस्टाने आलेल्या आगाऊ रकमेच्या मनीऑर्डरच्या कुपनांवर मागे टिपलेल्या नोंदी, हे सर्व कोणाच्या हस्ताक्षरात आहे ते बघा. माझ्या अनुभवात मालकाची सही एकाची आणि आतले अक्षर दुसरीचे असते.

थोडे विषयांतर करतो, पण निवास अजून कुटुंबाच्या मालकीचे आहे म्हणून सांगणे भाग आहे. ते ज्यांना चालवायला दिले आहे, त्यांच्याशी झालेला करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. आणि मालमत्ता केवळ मोठ्या बाबांच्या नावावर असून मृत्युपत्र केलेले नसेल, तर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नीला मुलांच्या बरोबरीचा एक हिस्सा मिळेल, संपूर्ण मालमत्ता नव्हे. सहस्रचंद्रदर्शनाच्या आधी एकदा वकिलांकडे जाऊन यावे. ज्या निवासात तिने आयुष्य घातले, तिथल्या उत्पन्नावर तिचा हक्क निर्विवाद राहावा, हे पुस्तिकेतल्या कोणत्याही परिच्छेदापेक्षा महत्त्वाचे आहे.


उत्तर: लॉजवर_वाढलेला

मी अशाच एका दांपत्याचा मुलगा आहे. निवास सातपुड्यातलेच, पण गावाचे नाव सांगत नाही. वरील सर्व उत्तरे मला पटली. तरी दोन गोष्टी सुटल्या आहेत असे वाटते.

पहिली म्हणजे मुले. वर चांगली शाळा नव्हती, म्हणून पाचवीपासून मला अमरावतीला वसतिगृहात ठेवले. सुट्टी लागली की इतर मुले घरी जात आणि आईवडील त्यांच्यासाठी मोकळे असत. मी घरी जाई तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले असे आणि माझी खोलीही बहुधा कोणालातरी दिलेली असे. मी कोठारात पोत्यांच्या शेजारी झोपलो आहे आणि मला ते आवडतही असे. आईला मात्र ते फार लागले होते, हे मला तिच्या उतारवयात कळले. तुमच्या चुलत भावंडांना यात बोलते करा. त्यांच्याकडे कौतुक आणि तक्रार दोन्ही असेल, आणि तक्रार गाळून छापलेली पुस्तिका कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक मोठी आहे. अशा प्रत्येक निवासात आणखी एक दांपत्य असते. आमच्याकडे ते कोरकू होते. तो चौकीदारी, लाकूडफाटा आणि पाण्याचे पंप पाहत असे. ती भांडी, धुणे आणि खोल्या पाहत असे. मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. आमच्या आईवडिलांना डोंगर कळला तो त्यांच्यामुळे. ढग कोणत्या दरीतून चढला की वीज जाणार, कोणत्या झऱ्याला वैशाखातही पाणी असते, रात्री अस्वलाच्या वाटेवर कचरा का टाकायचा नाही, हे त्यांनी शिकवले. होळीला मात्र ती दोघे कशालाही बधत नसत. मेळघाटात होळी हाच कोरकूंचा सर्वांत मोठा सण आहे. कामासाठी दूर गेलेली माणसेही तेव्हा गावी परततात आणि नंतरचे काही दिवस फगवा (होळीची खुशाली) मागण्यात आणि नाचण्यात जातात. त्या आठवड्यात आमच्या लॉजवर वडील खोल्या झाडत आणि आई भांडी घासत असे. काही व्यावसायिक त्या दिवसांत कामगारांच्या नावाने खडे फोडत. आमचे वडील सरळ बुकिंगच कमी घेत. तुमच्या मोठ्या आई-बाबांकडे मागच्या खोल्यांत कोण राहत होते, ते कधी आले, त्यांची मुले आज काय करतात, आणि ‘घरच्यासारखे’ असे म्हणत त्यांना पगार किती दिला जात होता, हेही विचारा. शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण तो टाळून त्या निवासाची गोष्ट प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.


उत्तर: जुना_सभासद_सदर

माझे मत थोडे वेगळे आहे. प्रसंग सहस्रचंद्रदर्शनाचा आहे, चौकशी आयोगाचा नव्हे. ऐंशी ओलांडलेल्या माणसासमोर त्याच्या संसाराचा हिशेब मांडून ‘श्रेय कोणाचे किती’ असे विचारणे मला औचित्याला धरून वाटत नाही. शिवाय मोठ्या आईंना स्वतःला उजेडात यायचे नसेल तर तो त्यांचा अधिकार आहे. आपण कोणाला तरी न्याय देतो आहोत, या भावनेने आपण तिच्या इच्छेविरुद्ध तिचे आयुष्य छापू नये. मेळघाटातच बैरागडला आयुष्य वेचणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती दोघांना मिळून, आणि त्यात कोणाचा वाटा किती याची मोजदाद कोणी केली नाही. तुम्हीही पुस्तिका दोघांच्या नावे काढा, मुखपृष्ठावर दोघांची नावे सारख्या अक्षरांत घाला आणि मजकुरात जे सहज येईल ते येऊ द्या.


उत्तर: पचमढीची_काकू

सदरच्या दादांचा मान राखून सांगते की मोठ्या आईंना उजेडात यायचे आहे किंवा नाही, हे त्यांना आधी कोणी विचारले तर पाहिजे. ‘मी तर स्वयंपाकच केला’ हा नकार नसतो. समोरच्याला खरेच ऐकायचे आहे का, याची ती चाचणी असते. कोल्हे दांपत्याचे उदाहरण मात्र तुम्ही फार चांगले दिले. दोघांची नावे सारख्या अक्षरांत, हे मला मान्य.


प्रश्नकर्तीचे निवेदन: प्रतापनगरची_पुतणी

सर्वांचे मनापासून आभार. सदरच्या काकांची सूचना लक्षात घेऊन मी आधी मोठ्या आईची परवानगी मागितली आणि छापण्यापूर्वी तिला प्रत्येक पान वाचून दाखवेन, असे कबूल केले. मग पचमढीच्या काकूंनी सांगितलेला चादरींचा प्रश्न विचारला. त्यानंतर ती दुपारच्या चहापर्यंत थांबलीच नाही.

बंबाच्या खोलीला लागून तिने एक अरुंद खोली मुद्दाम बांधून घेतली होती. पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी बंब पहाटेपासून पेटलेला असे, त्याची ऊब भिंतीतून त्या खोलीत जाई, आणि तिथे आडव्या दोऱ्यांवर चादरी टाकल्या की संध्याकाळपर्यंत वाळत. ती खोली मूळ नकाशात नव्हती. गवंड्याशी भांडून तिने ती करून घेतली होती आणि मोठ्या बाबांनी तेव्हा तिला ‘वायफळ खर्च’ म्हटले होते. हे सांगताना मोठे बाबा शेजारीच बसलेले होते. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, ‘नंतर बाजारातले दोघे-तिघे ती खोली पाहून गेले.’

त्याहून मोठी गंमत पुढे निघाली. कोणाला खोली द्यायची आणि कोणाला नाही, हे मोठे बाबा ठरवत असत, असा आम्हां सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात ते कोणालाच नाही म्हणू शकत नसत. पिऊन आलेली टोळकी किंवा ज्यांचे लक्षण ठीक दिसत नाही अशी माणसे काउंटरवर आली की मोठी आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायची आणि मोठ्याने म्हणायची, ‘अहो, दूध नासलं.’ मग मोठे बाबा रजिस्टर मिटून सांगायचे की सगळ्या खोल्या भरल्या आहेत. गवळ्याकडून येणाऱ्या दुधाची त्यामुळे बाजारात नाहक बदनामी झाली, असे सांगून दोघेही हसत सुटली.

टाळेबंदीविषयीही बोलणे झाले. त्या वर्षी होळी ९ मार्चला होती. कामावरची माणसे सण करून परतली, उन्हाळ्याचे बुकिंग घेऊन झाले होते, आणि २५ मार्चपासून सगळे बंद झाले. घेतलेली आगाऊ रक्कम परत करायची की पुढच्या वर्षासाठी ठेवून घ्यायची, यावर दोघांचे तीव्र मतभेद झाले होते. ती म्हणाली परत करा. ते म्हणाले पगार कुठून द्यायचे. शेवटी मागच्या खोल्यांतल्या कुटुंबाचा पगार आणि पाहुण्यांचे पैसे दोन्ही दिले गेले, आणि त्यासाठी मोडलेली मुदतठेव मोठ्या आईच्या नावावरची होती. निवास चालवायला देण्याचा निर्णय त्याच उन्हाळ्यात झाला. हा मजकूर पुस्तिकेत घालायला दोघांचीही हरकत नाही.

धंतोलीच्या सीए साहेबांनी सांगितल्याप्रमाणे कर्जाच्या फायली काढल्या आहेत. जामीनदाराच्या रकान्यात तिचीच सही आहे. वकिलांची भेटही ठरवली आहे. मागच्या खोल्यांत राहणाऱ्या कोरकू दांपत्यापैकी बाई आज हयात आहेत आणि त्यांचा मुलगा सेमाडोहकडे असतो, असे कळले. पावसाळा ओसरला की त्यांना भेटायला जाणार आहे. आता फक्त रजिस्टरांचा प्रश्न उरला. पेटीतल्या काही वह्यांना ओल लागली आहे आणि पाने चिकटली आहेत.


उत्तर: निवृत्त_भूगोल_शिक्षक, अमरावती

चिकटलेली पाने ओढून सुटी करू नका आणि वह्या उन्हातही घालू नका, कारण कागद ठिसूळ होऊन शाई उडते. पंख्याच्या वाऱ्याखाली, पानांच्या मध्ये साधा टिपकागद ठेवून, सावलीत सावकाश वाळू द्या. लॅमिनेशन कोणी सुचवले तरी करू नका. वाळलेल्या वह्यांची पाने खिडकीजवळच्या उजेडात वरून सरळ फोटो काढून जतन करा आणि मूळ वह्या सुती कापडात बांधून ठेवा. नागपूरच्या कोरड्या हवेत त्या चिखलदऱ्यापेक्षा नक्कीच जास्त टिकतील, मात्र वाळवी आणि कसर यांच्याकडे लक्ष असू द्या.

वाचताना ‘कोठून आलात’ हा रकाना वर्षवार उतरवून काढा. कोणत्या दशकात परतवाडा-अमरावतीचे पाहुणे अधिक होते, नागपूरचे कधी वाढले, इतर राज्यांतले कधी येऊ लागले, हे त्यावरून दिसेल आणि तेवढाच तक्ता पुस्तिकेत घाला. पाहुण्यांची नावे, पत्ते आणि कोणाबरोबर आले होते हा तपशील मात्र कोणत्याही परिस्थितीत छापू नका. त्या कवींच्या चार ओळीही त्यांच्या वारसांना विचारल्याशिवाय नकोत.


उत्तर: सीए_धंतोली

शिक्षकांच्या सूचनेत एक भर घालतो. परदेशी पाहुण्यांची माहिती चोवीस तासांच्या आत कळवण्यासाठी जो सी फॉर्म तेव्हा भरावा लागत असे, त्याच्या स्थळप्रती पेटीत असतील तर त्या वेगळ्या काढून ठेवा. त्यांत पारपत्राचे क्रमांक असतात, त्यामुळे त्यांचे फोटो कुटुंबाच्या समूहावर टाकू नका. आणि रजिस्टरातल्या नोंदी कोणाच्या अक्षरात आहेत, ते कळवा.